परमुलखातील मजूर आणि मनाचे आजार

पोटासाठी गाव सोडलेला माणूस मनाने लवकर खचतो, असे आपण धरूनच चालतो. डॉक्टरांचाही बरीच वर्षे हाच समज होता. नॉर्वेचे मानसोपचारतज्ज्ञ ओडेगार्ड यांना १९३२ साली आढळले, की अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जाऊन राहिलेल्या नॉर्वेच्या लोकांत छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, तेथे जन्मलेल्यांपेक्षा जास्त होती. मुळात आजाराकडे कल असलेली माणसेच देश सोडतात, असे त्यांचे मत पडले.

परंतु सर्वच मनोविकारांचे असे नाही. कॅलिफोर्नियात फ्रेस्नो नावाचा द्राक्षबागांचा भाग आहे. तेथे मेक्सिकोहून मजूर येतात. तेथील सुमारे तीन हजार मेक्सिकन वंशाच्या स्त्री-पुरुषांची पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य, चिंताविकार, व्यसन यांपैकी काही जडलेले लोक, अमेरिकेतच जन्मलेल्यांत शेकडा ४८ होते. मेक्सिकोहून आलेल्यांत मात्र शेकडा २५, म्हणजे जवळजवळ निम्मेच!

धडधाकट माणूसच एवढा प्रवास करतो, हे एक कारण असू शकेल. पण खरी मेख पुढे आहे. येऊन तेरा वर्षे न झालेल्यांत हे प्रमाण शेकडा १८ होते. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांत ३२. माणूस तिथे रुळला, भाषा शिकला, तसा आजार वाढला. घरची माणसे, जेवणाची पंगत, दारूबाबतचा धाक हे सारे हळूहळू सैल झाले असावे. स्त्रियांच्या व्यसनात तर हा फरक फारच ठळक दिसला. आजारी असूनही डॉक्टरकडे गेलेले थोडेच, आणि बाहेरून आलेल्यांत त्याहून थोडे.

हे आकडे आपल्या ऊसतोड मजुरांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्यांचा हंगाम संपतो आणि ते गावी परततात. पुण्या-मुंबईत कायमचे राहिलेल्यांची गोष्ट त्यांना अधिक जवळची.

असा माणूस ‘मन उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. डोके दुखते, पोटात जळजळते, पहाटे तीनलाच जाग येते, असे सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातले लक्ष उडाले असेल, किंवा दारू अचानक वाढली असेल, तर घरच्यांनी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.