जुना स्थलदर्शक नकाशा वाचताना

स्थलदर्शक नकाशाच्या पाठात रंग व खुणा मुखोद्गत करवून घेण्यातच पुष्कळदा वेळ जातो. नकाशा कोणत्या सालचा, हे विचारावयाचे राहून जाते. अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील कॅस गावाचा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

तेथील डोंगरांवर स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे दाट अरण्य होते. त्याच्या लाकडासाठी एका कागद कंपनीने १९०१ साली कॅस वसविले आणि डोंगरात लोहमार्ग चढविला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नकाशांत सुमारे एक इंचास एक मैल हे प्रमाण असे. त्यांत समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, रूळ व घरे काळी दाखवीत.

विद्यार्थ्यांनी रुळाची रेषा बोटाने गिरवावी. तिने किती समोच्च रेषा ओलांडल्या ते मोजताच चढ कळतो. कॅस येथे तो काही ठिकाणी शंभर फुटांस अकरा फूट होता. म्हणून रूळ नागमोडी जातात, आणि दोन ठिकाणी गाडी पुढे जाऊन थांबते व पुढचा चढ उलट दिशेने चढते. भोर घाटातही खंडाळ्याजवळ १८६३ पासून १९२९ पर्यंत गाडीची दिशा अशीच बदलावी लागे. एवढ्या चढासाठी कॅसला सर्व चाकांना दात्यांनी गती देणारी ‘शे’ जातीची इंजिने वापरीत.

उंचावर स्प्रूस याच नावाचे गाव होते. तेथे शाळाही होती. रस्ता मात्र नव्हता, येणेजाणे केवळ आगगाडीने. आज तेथे वस्ती नाही. कॅसची लाकूड कापण्याची गिरणी १९६० साली बंद पडली. १९६३ पासून त्याच रुळांवर प्रवाशांची गाडी धावू लागली. जुना नकाशा हाती धरून कोणी स्प्रूसला मुक्कामास निघाला, तर त्याची काय गत होईल, हे मुलांनाच विचारावे.

जुन्या पत्रकांवर हिरवा रंग नसे. तेवढ्यावरून डोंगर उघडा होता असे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल. त्यास लगेच चूक म्हणू नये. रानाचा रंग त्या काळी सर्रास छापीत नसत, एवढे सांगावे. झाडे उभी होती की तुटली होती, याविषयी असा नकाशा मौन पाळतो.

यानंतर आपल्या गावाचा मिळेल तो जुना नकाशा घ्यावा, त्यावरील साल मोठ्याने वाचवावे, आणि त्यावर असलेली पण आज नाहीशी झालेली पायवाट, विहीर वा वाडी मुलांकडून गावातील वृद्धांना विचारवून नोंदवून घ्यावी.