पूर ओसरल्यावर मनाची काळजी

घराचें व शेताचें नुकसान डोळ्यांस दिसतें. मनाचें दिसत नाहीं. म्हणून तें झालेंच नाहीं असें आपण समजतों. वाचकहो, ही मोठी चूक आहे.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ता. ८ रोजीं पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पुढें सन २०२१ च्या जुलैंत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत आंबेघर व मिरगांव येथें घरांवर दरडी कोसळल्या.

अशा संकटानंतर चिखल निघतो, भिंत पुन्हा उभी राहते. परंतु आभाळ भरून आलें कीं छाती धडधडते, झोंप लागत नाहीं, क्षुल्लक कारणावरून घरांत भांडण होतें. ह्यास कोणी भित्रेपणा म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात. वास्तविक हा मोठ्या धक्क्याचा स्वाभाविक परिणाम होय. आधार मिळाल्यास बहुतेकांचा तो हळूहळू ओसरतो. हा आधार शेजाऱ्यासहि देतां येतो. तो असा :

१. पाहावें. कोण एकटा पडला आहे, कोण जेवत नाहीं, हें पाहून प्रथम अन्न व कोरडी जागा द्यावी.

२. ऐकावें. तो बोलेल तितकें ऐकावें. खोदून विचारूं नये. "तुमचें तरी बरें, दुसऱ्यांचें सर्वच गेलें," असें म्हणूं नये. त्यानें मनुष्य गप्प होतो, दुःख जात नाहीं.

३. जोडून द्यावें. नातलगांची गांठ घालून द्यावी, पंचनाम्याची खरी माहिती द्यावी, हातांस थोडें काम द्यावें. आपल्या हातून कांहीं होतें असें कळलें म्हणजे मन सावरतें. दारूनें मात्र झोंप सुधारत नाहीं, बिघडते.

महिना लोटूनहि त्रास न हटल्यास डॉक्टरांस दाखवावें. "जगून काय करूं?" असें कोणी म्हणाल्यास "जीव द्यावा असें मनांत येतें काय?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार बळावतो हा समज खोटा आहे. अशास एकटें सोडूं नये, व त्याच दिवशीं वैद्यकीय मदत मिळवावी. सन २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला देते.

अभ्यासासाठीं प्रश्न : गेल्या संकटानंतर आपल्या गांवांत कोण अबोल झालें? त्याच्या घरीं आपण शेवटीं केव्हां गेलों?