मंडळीचें गायन व खर्जाची तार



अजिंठ्याच्या दगडी चैत्यगृहांत उच्चारलेला शब्द घुमून अस्पष्ट होतो. आपल्या उघड्या भिंतींच्या प्रार्थनामंदिरांतहि तसेंच घडतें. म्हणून घरीं लॅपटॉपवर भजनें ध्वनिमुद्रित करितांना बेस गिटार वायरीनें थेट जोडावी, असें आम्ही सुचवितों.

पहिलें, वायर ऑडिओ इंटरफेस नामक लहान पेटींत, वाद्याकरितां असलेल्या छिद्रांत घालावी. लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या छिद्रांत नव्हे. दुसरें, प्रथम सर्वांत जोरानें वाजवून पाहावें व पातळी कमाल रेषेच्या बरीच खालीं ठेवावी. एकदां फाटलेला सूर मागाहून सांधत नाहीं. तिसरें, सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१ असतात. लॅपटॉपचे लहान स्पीकर तीं नीट ऐकवूं शकत नाहींत. म्हणून खर्ज उगाच वाढवूं नये, हेडफोन लावून पारख करावी.

वाद्यांच्या नादांत भेद स्पष्ट असावा, हें पौलानें करिंथकरांस शिकविलें (१ करिंथ १४:७). खर्जानें गाणाऱ्यांस आधार द्यावा, शब्द झांकूं नयेत; कारण ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस भजन हाच धडा होय. सेवकहो, मुद्रण झाल्यावर तें मंडळींतील एखाद्या वृद्ध मातेस ऐकवा. तिला प्रत्येक शब्द कळला, तरच काम साधलें असें समजा.