वायरलेस संच मुका का होतो?

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही हातातील वायरलेस संचाच्या चॅनेलमधील दोष क्रमाने शोधू शकाल आणि त्याविषयी नेमक्या शब्दांत सूचना लिहू शकाल.

पाठ
बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात सेंट मेरी बॅसिलिका आहे. दरवर्षी ८ सप्टेंबरला, मेरीमातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, तेथे रथाची मिरवणूक निघते व भाविकांची अलोट गर्दी होते. अशा गर्दीत चुकलेल्या मुलाची वार्ता त्वरित पोहोचवण्यास वॉकी-टॉकी उपयोगी पडतो. समजा, दोन स्वयंसेवकांनी आपापल्या संचावर ‘चॅनेल ३’ लावले आहे, बॅटरीही भरलेली आहे; तरीही एकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू येत नाही. मग दोष कोठे असेल?

चॅनेलचा क्रमांक हे केवळ नाव होय. त्याची खरी ओळख म्हणजे वारंवारता. एका संचातील ‘चॅनेल ३’ ४४६.०३१२५ मेगाहर्ट्झचे असेल, तर दुसऱ्यातील निराळे असू शकते. म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. दोन्ही संचांच्या वारंवारता ताडून पाहाव्यात. बोलण्याची व ऐकण्याची वारंवारता स्वतंत्रपणे नोंदवता येते. म्हणून दोन्ही पाहाव्यात.

२. समोरचा बोलत असता आपल्या संचावरील दिवा लागतो, पण आवाज येत नाही, असे झाल्यास बहुधा वारंवारता जुळलेली असते. टोन जुळलेला नसतो. टोन म्हणजे बोलण्यासोबत जाणारा सांकेतिक स्वर. ठरलेला टोन आल्यावाचून संच आवाज सोडत नाही.

३. संगणकावरून नवी नोंद करण्यापूर्वी संचातील मूळ नोंदी वाचून त्यांची प्रत जपून ठेवावी.

४. शेवटी दोघांनी काही पावले दूर उभे राहून आळीपाळीने बोलून पाहावे.

वाटेल ती वारंवारता मात्र भरू नये; त्यामुळे पोलीस वा अग्निशमन दलाच्या संदेशांत अडथळा येऊ शकतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना परवाना लागत नाही.

पाठगत प्रश्न
१. चॅनेलचा क्रमांक सारखा असूनही संवाद का होत नाही?
२. दिवा लागतो, पण आवाज येत नाही. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
३. तुमच्या घरातील एखाद्या उपकरणाच्या तपासणीच्या चार सूचना क्रमाने लिहा.