मिरगाआधी विहिरीकडे बघ

बाय, काल तू म्हणालीस, "आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे गं, त्यात तपासायचं ते काय?" मी गप्प बसले, पण रात्री झोप लागेना. आमचंही पाणी गोडच होतं. तरी एका वर्षी मिरगाच्या सरी पडून आठवडा होतो न होतो तोच दोन्ही मुलं जुलाबांनी आडवी झाली. विहीर आजेसासऱ्यांच्या वेळची, पण तिच्या वरच्या अंगाला दहा-बारा पावलांवर संडासाचा शोषखड्डा आम्हीच नवा खणला होता. आपला जांभा म्हणजे चाळण! वरचं पाणी गाळलं न जाताच भेगांतून खाली उतरतं. निदान 15 मीटर अंतर हवं म्हणतात. उतारावर, जांभ्यात, मी तेवढ्यावरही विसंबणार नाही.

जंतू ना डोळ्यांना दिसत, ना जिभेला कळत. त्यासाठी एच-टू-एसची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं, तर मैला मिसळतोय असं समजायचं आणि पिण्याचं पाणी खळखळून उकळायला लागायचं. ग्रामपंचायतीत विचार, जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना अशी तपासणी शिकवली आहे.

शिवाय वर्षातून एकदा भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना दे. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आण आणि भरली की बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचव. नायट्रेट आवर्जून तपासायला सांग, तुझे दिवस भरत आलेत म्हणून म्हणते. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी तान्ह्याच्या वरच्या दुधात चालत नाही. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं.

आणि जंतू मारायला विहिरीत मूठभर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, फेकून मोकळी होऊ नकोस. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, पावडर ताजी असेल तर. तुमची विहीर 3 मीटर रुंद आणि पाणी 4 मीटर धरलं, तर 28 हजार लिटर, म्हणजे 70 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू दे, वरची निवळी तेवढी विहिरीत सोड, पोहऱ्याने पाणी चांगलं ढवळ. संध्याकाळी उपसा थांबल्यावर केलंस तर रात्रभर काम होतं.

गाळ काढायला मात्र तुझ्या नवऱ्याला एकट्याला उतरू देऊ नकोस. तळाशी हवा कोंडलेली असते. पाणी उपसायचं इंजिन तर आत उतरवायचंच नाही, त्याच्या धुराने माणसं गेली आहेत.

सासूबाईंना वाईट वाटेल म्हणतेस ना? त्यांच्या विहिरीला नाव ठेवू नकोस. बाळासाठी बघूया म्हण, आणि बाटली त्यांच्याच हाताने भरून घे. आमच्याकडे ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली होती. पहाटे मी उठले, तर माझ्या सासूबाई आधीच कंदील धरून तिच्यापाशी उभ्या होत्या.