शेवटची पाच मिनिटं

मार्च २००८ मध्ये सँटियागोत ग्रेट ब्रिटनकडून ०-२ हरलो आणि बीजिंग ऑलिंपिकचं दार बंद झालं. १९२८ पासून पहिल्यांदाच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्यानंतर मन एकच विचारत राहिलं: संघ खरंच सुधारतोय का? सोळा वर्षांत जे उमगलं, ते हे.

१. गुणतालिकेला सुधारणा उशिरा कळते. २०१२ ला लंडनमध्ये सहाच्या सहा सामने हरून आपण बारावे, म्हणजे शेवटचे आलो. रिओत आठवे. आठव्या क्रमांकाचं कौतुक कोण करणार? तिथे जर्मनीनं तीन सेकंद उरलेले असताना गोल करून १-२ हरवलं, तेव्हा मी चिडून टीव्ही बंद केला होता. लंडनमध्ये याच जर्मनीनं आपल्याला ५-२ नं धुतलं होतं, हे फार नंतर आठवलं. तीन गोल कमी पडणं आणि तीन सेकंद कमी पडणं यातलं अंतर मला त्या रात्री दिसलंच नाही.

२. एका खेळाडूवरून संघ जोखू नये. हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण मी खडकीच्या धनराज पिल्लेवर जीव टाकणाऱ्या पिढीतला. चेंडू त्याच्याकडे आला की श्वास रोखायचा, बाकीचे दहा जण दिसायचेच नाहीत. धनराज चार ऑलिंपिक खेळला, पदक एकही नाही. आता चेंडू हातचा गेल्यावर कोण मागे धावतंय, ते मी पाहतो. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेली त्रेचाळीस मिनिटं दहा जण ग्रेट ब्रिटनशी झुंजले, १-१ बरोबरी टिकवली, शूटआउट ४-२ जिंकलं. आघाडीची पोरं आपल्याच वर्तुळात उतरून चेंडू अडवत होती. ते बघताना माझे डोळे भरून आले.

३. शेवटची पाच मिनिटं खरं सांगतात. आघाडी घ्यायची आणि शेवटी घाबरून घालवायची, हे आपलं जुनं दुखणं. २०१८ च्या एशियाडमध्ये मलेशियानं अगदी शेवटी बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये आपली अंतिम फेरी हुकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ झालं, तरी माझा विश्वास बसत नव्हता. सहा सेकंद उरले आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर! गोलरक्षक श्रीजेशनं तो अडवला. एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं, पण मला जास्त आनंद झाला तो त्या सहा सेकंदांत कुणीही जागा न सोडल्याचा.

४. वर चढलेला संघ पुन्हा घसरतो. त्याच टोकियोत ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा मार खाल्ला होता. २०२३ च्या घरच्या विश्वचषकात न्यूझीलंडवर ३-१ अशी आघाडी होती, ती गेली, शूटआउटही गेलं. पदकानं बांधणी पूर्ण झाली असं मी धरून बसलो होतो, म्हणून तो पराभव जास्त लागला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवलं. ऑलिंपिकमध्ये असं १९७२ नंतर घडलं नव्हतं.

५. जिंकल्यावरही गोल कुणाचे, ते मोजावं. पॅरिसमध्ये आपले पंधरा गोल झाले, त्यातले दहा एकट्या कर्णधार हरमनप्रीतचे, तेही पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे. पदक गळ्यात पडत असताना मी वहीत उरलेले पाच गोल करणाऱ्यांची नावं लिहीत होतो. आता प्रत्येक स्पर्धेत त्या यादीत नवं नाव आलं का, तेच आधी पाहतो.