फायबरचे अंग, लोखंडाचा सांगाडा

पंचवटी म्हटली की बाहेरगावच्या माणसाला काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि रामकुंड आठवते. ते योग्यच आहे. परंतु मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने आडगाव नाक्याकडे चालत गेले, तर आणखी एक पंचवटी दिसते. तिथे ट्रकच्या बॉड्या बांधणारे, पत्रा ठोकणारे, रंगारी आणि वेल्डर दिवसभर खपत असतात. माझ्या काकांची लहानशी शेड याच भागात आहे. गेल्या उन्हाळी सुट्टीत तिथे एक अनोखे काम आले होते. दोन दारांची, बसकी, फायबरग्लासच्या अंगाची मोटार सुट्या भागांतून जोडायची होती. हिशेब लिहिण्याच्या निमित्ताने मी रोज तिथे जात असे आणि ते काम जवळून पाहत असे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर सरळ आहे. या कामाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत, पण काम मात्र मराठीत चालते. पाणसळ, ओळंबा, गुण्या, कानस, पाचर हे शब्द कारागिरांच्या तोंडी जिवंत आहेत. त्यांच्यामागचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, तर ते त्या माणसांबरोबरच जाईल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. काचेचे बारीक धागे राळेत भिजवून घट्ट करण्याची ही विद्या मोटारींच्या जगात स्थिरावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेट कंपनीने ‘कॉर्व्हेट’ ही फायबरग्लासच्या अंगाची मोटार काढली. पहिल्या वर्षी तिच्या फक्त ३०० गाड्या तयार झाल्या. इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ आली. ती सुट्या भागांच्या संचातही मिळे, कारण संच विकत घेऊन घरी जोडला तर खरेदीकर वाचत असे. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली.

आपल्या देशात बंगळूरच्या सिपानी कंपनीने ‘रिलायंट किटन’ या इंग्रजी मोटारीवरून ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लासची मोटार १९८० नंतरच्या दशकात बाजारात आणली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी लोटस सेव्हनच्या धर्तीवर पोलादी नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासचे अंग आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन अशी रोडस्टर बनवली. म्हणजे हा उद्योग आपल्याकडे अगदीच परका नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. पत्रा आणि फायबर यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. पत्रा हातोडीने ताणता येतो, दाबता येतो. फायबरला असा ताण सोसत नाही. ते साच्यात जो आकार घेते, तोच मरेपर्यंत धरून बसते. साच्यात प्रथम जेलकोटचा थर, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन असे थर देतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे दोन थर दिले, की जाडी साधारण २ मिलिमीटर भरते. रेझिन घट्ट होताना आकसते आणि हे आकसणे काही आठवडे हळूहळू चालू राहते. म्हणूनच साच्यातून घाईने काढलेला भाग पुढे वेडावाकडा होण्याचा संभव असतो.

आमच्या शेडमध्ये नेमके हेच झाले होते. बाहेरगावाहून आलेला मुख्य टब सांगाड्यावर ठेवला, तेव्हा तीन कोपरे बसले आणि चौथा ११ मिलिमीटर वर राहिला. गिऱ्हाईकाने आगाऊ रक्कम दिलेली, तारीख ठरलेली. शेडमधल्या एका तरुण मुलाने पान्हा घेतला आणि बोल्ट आवळून कोपरा खाली ओढू लागला. मिस्त्रीकाकांनी त्याचा हात धरला. ते म्हणाले, “अरे, बोल्ट धरायला असतो, ओढायला नसतो.”

या एका वाक्यात साऱ्या कामाचे सार आहे. जबरदस्तीने ओढलेला भाग त्या दिवशी बसलेला दिसतो. पण ताण त्याच्या अंगात तसाच राहतो आणि काही महिन्यांनी बोल्टच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा जेलकोटमध्ये उमटतात. वरून कितीही रंग दिला तरी त्या पुन्हा वर येतात. तेव्हा मिस्त्रीकाकांनी टब खाली उतरवला, सपाट घोड्यांवर नीट टेकू देऊन उन्हात ठेवला आणि वर आलेल्या कोपऱ्यावर वाळूची पोती ठेवली. रेझिन पुरते मुरलेले नव्हते, म्हणून उष्णतेने ते थोडे नमले. आठवड्याने ११ चे ४ मिलिमीटर झाले. मग आतून मॅटच्या पट्ट्या देऊन टब ताठ केला आणि उरलेल्या ४ मिलिमीटरच्या जागी पातळ पत्र्याचे तुकडे व रबर भरले. तारीख पुढे गेली. काकांना गिऱ्हाईकाचे चार शब्द ऐकून घ्यावे लागले.

जुळवणीचा क्रम त्यांनी मला असा समजावून दिला.

पहिले काम सांगाड्याचे. तो पाणसळीने सपाट करायचा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे नसतील, तर वरच्या अंगाला हात लावण्यात अर्थ नाही. मग पुढून मागे मध्यरेषेचा दोरा ताणायचा, ओळंबा सोडायचा आणि डावी-उजवी मापे त्या दोऱ्यापासूनच घ्यायची. एका भागावरून दुसऱ्याचे माप घेत गेले, की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते.

दुसरे, दारे आधी आणि बॉनेट नंतर. जुन्या वाड्यांचे सुतार आधी चौकट ओळंब्यात उभी करीत आणि मग फळी टांगीत. इथेही तेच. बिजागरी पोलादी सांगाड्यावर बसवायची, नुसत्या फायबरवर नाही. तिची भोके लांबट ठेवायची, म्हणजे दार वर-खाली सरकवता येते. खटका आणि रबराची पट्टी लावूनच दार जुळवायचे, कारण रबर दाराला बाहेर ढकलते. रबराशिवाय जुळवलेले दार रबर लावल्यावर बाहेर डोकावते.

तिसरे, फट. कडांच्या मध्ये ५ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या खोचून सर्व भाग क्लॅम्पने नुसते टेकवून ठेवायचे. सगळी गाडी अशी उभी राहिल्याशिवाय एकही भोक पाडायचे नाही. फट थोडी मोठी असली तरी चालते, पण ती सगळीकडे सारखी हवी. माणसाच्या डोळ्याला रुंदी कळत नाही, फरक मात्र लगेच कळतो. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, हे धरून रंगापूर्वी फट किंचित मोठी ठेवतात.

चौथे, भोके. चिकटपट्टी लावून, जेलकोटच्या बाजूने, हळू फिरणाऱ्या ड्रिलने पाडायची. भोक बोल्टपेक्षा सुमारे २ मिलिमीटर मोठे आणि खाली रुंद वायसर. याचे कारण ऋतुमानात आहे. फायबर तापमानाने पोलादापेक्षा दुपटीहून अधिक पसरते. नाशिकला हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि उन्हाळ्यात ४० पर्यंत चढतो. ३० अंशांच्या फरकात एक मीटर लांबीचा भाग पोलादापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त हलतो. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर तो चिरतो.

पाचवे, कडा. फट अरुंद असेल तर कड घासायची. रुंद असेल तर कड खरवडून, उतार देऊन, मॅट आणि रेझिनने ती वाढवायची. नुसती पुट्टी भरलेली कड दार आपटताच तुटते. शेवटची तपासणी गाडी चाकांवर उभी करून, इंजिन आणि आसने बसवून करायची, कारण वजनाने सांगाडाही थोडा वाकतो.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पहिली कारागिरांच्या प्रकृतीची. घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला टोचते आणि श्वासावाटे आत जाते. रेझिनमधील स्टायरीनच्या वाफेने डोके जड होते. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो. तरीही तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करणारी मुले मी पाहिली आहेत. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. आमच्या शेडमध्ये मास्क आणि चष्मे आले, ते काकूंनी हट्ट धरल्यामुळे. त्यांचा खर्च मीच वहीत लिहिला आणि साऱ्या कामाच्या मानाने तो अगदी किरकोळ होता.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. नवे वाहन बनवणाऱ्याला आपला नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. म्हणून इंग्लंडप्रमाणे घरी जोडलेली गाडी आपल्याकडे सहज रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या गिऱ्हाईकालाही ती खाजगी आवारात आणि प्रदर्शनातच ठेवायची होती, आणि काकांनी तसे लेखी घेऊनच काम स्वीकारले होते. हा नियम काही उत्साही तरुणांना जाचक वाटतो. परंतु ज्या अंगाच्या आत माणूस बसणार, ते कोणी तरी तपासलेले असावे, हे मला पटते.

गाडी पावसाळ्यापूर्वी शेडमधून गेली. दोन्ही दारांच्या फटी मिस्त्रीकाकांनी शेवटी त्याच लाकडी पट्टीने तपासल्या. पट्टी वरपासून खालपर्यंत कुठेही न अडता, कुठेही सैल न पडता सरकली. “आता आवळ,” ते त्या तरुण मुलाला म्हणाले. त्याने बोल्ट आवळले, आणि फट होती तेवढीच राहिली.